स्नोची बरणी ते सीरमची बाटली : जुन्या सौंदर्यजाहिराती आणि आपले आजचे प्रयोग

शेवंती

लीला चिटणीस १९४१ साली लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. त्या साबणासाठी उभी राहिलेली ती पहिली भारतीय नटी. अमेरिकेत लक्सने हॉलिवूडच्या तारका आधीच गोळा केल्या होत्या. आपल्याकडे सुरुवात झाली ती धारवाडला जन्मलेल्या, मराठी रंगभूमीवरून सिनेमात गेलेल्या एका पदवीधर बाईपासून. घरंदाज बाईने सिनेमात काम करणं तेव्हा कुणाला पचत नव्हतं, आणि चिटणीसांची ओळख तर 'शिकलेली, चांगल्या घरातली' अशीच होती. साबणवाल्यांना नेमकी तीच हवी होती. ज्या घरात नटीचं नाव काढायची चोरी, त्या घराच्या न्हाणीपर्यंत ती पोचली.

गेले काही महिने मी ग्रंथालयात जुन्या मासिकांचे बांधीव खंड काढून बसते. 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर', शिवाय मिळतील ते सुटे दिवाळी अंक. घेतले होते कथा वाचायला, पण जीव जाहिरातींतच रमला. साबण, केशतेलं, दंतमंजनं, स्नो म्हणजे चेहऱ्याला लावायचं पांढरं क्रीम, पावडरी.

त्या सलग पाहिल्या की एक गोष्ट ठळक दिसते. बाईने हौसेने नटावं, असं त्या उघड म्हणत नाहीत, काहीतरी आडोसा देतात. केशतेल लावायचं ते डोकं थंड राहावं म्हणून. साबण वापरायचा तो स्वदेशी म्हणून. गोदरेजने १९१८ च्या सुमारास प्राण्यांची चरबी टाळून वनस्पती तेलांचा साबण काढला आणि पुढे त्याची भलामण खुद्द रवींद्रनाथ टागोरांनी केली. आणि स्नो लावायचा, कारण लावलाय हे कुणाला कळत नाही! ते क्रीम त्वचेत 'नाहीसं' होतं हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. नटायचं, पण नटलेलं दिसता कामा नये.

अफगाण स्नो आठवतो का कुणाला? नावामुळे कित्येकांना तो परदेशी वाटायचा आणि स्वदेशीच्या दिवसांत त्याला बहिष्कारही सोसावा लागला. प्रत्यक्षात तो इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांचा, मुंबईचा माल. भायखळ्यात त्यांच्या नावाचा रस्ता आजही आहे.

आडोशाचं सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र विकोचं. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली परळला सुरू केलेली कंपनी. हळदीच्या क्रीमची जाहिरातच मुळी हे कॉस्मेटिक नाही, आयुर्वेदिक आहे, असं गाऊन सांगायची. आपण सगळे त्या चालीवर वाढलो. पण हा नुसता जाहिरातीचा शब्द नव्हता. सौंदर्यप्रसाधन ठरलं तर अबकारी कर जास्त, औषध ठरलं तर कमी. त्यावरून सरकारशी खटला चालला तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत, आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. म्हणजे 'हे नटणं नव्हे' असं सिद्ध करायला एका क्रीमला वर्षानुवर्षं कोर्टात उभं राहावं लागलं.

आता आडोसा विज्ञानाचा आहे. सीरमच्या बाटलीवर टक्के छापलेले असतात, बाटली औषधाच्या दुकानातली वाटावी अशी, आणि त्यावर पैसे खर्च केले की आपण जबाबदार वाटतो. तेवढ्याच पैशांची लिपस्टिक घेतली की घरातून, मैत्रिणींतून, स्वतःच्या मनातूनही प्रश्न येतो, 'कशाला?'

मी चाळिशीनंतर मेकअपकडे वळले. लिपस्टिक मला आवडते म्हणून मी लावते, त्याला दुसरं कारण नको. पण बाटलीत काय आहे याबाबत मी फार काटेकोर आहे, आणि जुन्या जाहिराती वाचून हा काटेकोरपणा वाढलाच.

मुंबईच्या दमट हवेतले माझे अनुभव थोडक्यात. मिनरल सनस्क्रीनने माझ्या गव्हाळ चेहऱ्यावर राखाडी झाक येते. तेच रंगछटा असलेलं घेतलं तर फाउंडेशनची गरजच उरत नाही. लिक्विड मॅट लिपस्टिक दिवसभर टिकते, पण ओठांच्या रेषा उघड्या पाडते. साधी कांडीची, किंचित ओलसर, विटकरी किंवा डाळिंबी छटेची मला जास्त खुलते. न पसरणारं पेन्सिल काजळ ही मात्र खरी क्रांती आहे. आमच्या आईने लोकलच्या गर्दीत पसरलेलं काजळ पदराने टिपत आयुष्य काढलं. दंडगोल पॅकमधली सनस्क्रीन स्टिक पर्समध्ये बरी, पण तिने पुरेसा थर बसत नाही असं माझं मत.

तुम्हाला आठवणाऱ्या जुन्या जाहिराती आणि आजचे प्रयोग, दोन्ही लिहा. ब्रँडपेक्षा काय, कसं आणि कुणाच्या त्वचेला, हे सांगितलंत तर जास्त उपयोग होईल.

लॅबवाली

शेवंती, धागा अगदी माझ्या धंद्यातला. मी प्रसाधनांच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करते, म्हणून स्नोपासूनच सुरुवात करते.

स्नो म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्ल आणि पाणी, थोडं ग्लिसरीन आणि चिमूटभर अल्कली. अल्कलीमुळे काही आम्लाचा साबण होतो आणि तो साबण बाकीचं आम्ल पाण्यात धरून ठेवतो. चेहऱ्यावर चोळलं की पाणी उडतं आणि न चमकणारा, अतिशय पातळ थर उरतो. त्या थरावर पावडर छान धरते. आज आपण ज्याला प्रायमर म्हणतो त्याचं काम स्नो करत होता. फरक इतकाच की आता तिथे बहुधा सिलिकोन असतं.

कोल्ड क्रीम याच्या उलट. मेण, तेल, थोडं पाणी आणि बोरॅक्स. तेल भरपूर, म्हणून मळ आणि रंग उतरवायला उत्तम. या कृतीचं मूळ दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्यापर्यंत नेतात. पॉन्ड्सने गेल्या शतकाच्या सुरुवातीला ही दोन्ही क्रीमं जोडीने विकली, रात्री एक आणि दिवसा एक. आता 'डबल क्लीन्सिंग' म्हणून, म्हणजे आधी तेलाने आणि मग फेसवॉशने चेहरा स्वच्छ करणं, जे नव्याने आलंय, त्यातलं पहिलं तेलाचं पाऊल म्हणजे हे कोल्ड क्रीमच.

टक्क्यांबद्दल. नायसिनमाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप, हा आजच्या सीरमचा राजा. पण १९७५ साली भारतात आलेल्या त्या प्रसिद्ध गोरेपणाच्या क्रीममध्येही तोच घटक होता. तेव्हा जाहिरातीत घटक नव्हता, गोरी झालेली मुलगी होती. आता मुलगी गेली आणि घटक पुढे आला. चांगलाच बदल आहे हा, पण आकड्याला भुलू नका. नायसिनमाइडचा उपयोग ज्या अभ्यासांत दिसला त्यांतले बरेचसे २ ते ५ टक्क्यांवर झालेत. १० टक्क्यांनी काहींच्या चेहऱ्याची आग होते, लाली येते, आणि वाढीव फायदा मिळेलच असं नाही.

विज्ञानाच्या नावाने विकणंही जुनंच. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये 'थो-राडिया' नावाचं क्रीम मिळायचं. त्यात थोरियम आणि रेडियम होतं, आणि क्युरी आडनावाच्या एका डॉक्टरचं नाव जाहिरातीत मिरवायचे. त्या डॉक्टरचा मारी क्युरींशी काही संबंध नव्हता.

आज आपल्या हातात एक शस्त्र आहे जे त्या बायकांकडे नव्हतं : मागची घटकयादी. आपल्या नियमांप्रमाणे १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्याखालचे शेवटी, कोणत्याही क्रमाने. तेव्हा पुढे 'केशरयुक्त' लिहिलंय आणि केशर यादीत सुगंधद्रव्याच्याही नंतर आलंय, तर काय ते समजून घ्या.

रानवारा

माझा रंग सावळा आहे, त्यामुळे जुन्या जाहिरातींबद्दल मला तितकं प्रेम वाटत नाही. लॅबवाली म्हणतेय त्या क्रीमचं नाव बदलायला २०२० उजाडावं लागलं. जाहिरातींचं नियमन करणाऱ्या परिषदेने सावळा रंग कमी दर्जाचा, दुःखी, अपयशी दाखवू नका अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली ती २०१४ मध्ये. तोवर दोन पिढ्यांनी दर अर्ध्या तासाला तेच पाहिलं. मुलगी काळी म्हणून नोकरी नाही. गोरी झाली, लगेच नोकरी.

पण सगळा दोष जाहिरातीवर टाकता येत नाही. लग्नाच्या यादीत 'गोरी' हा शब्द जाहिरातवाल्यांनी घुसवला नाही. माझ्या आत्याने मला उन्हात खेळू दिलं नाही, ते टीव्ही घरात यायच्या आधी. जाहिरातीने आमच्याच घरातली भीती उचलली आणि ट्यूबमध्ये भरून आम्हालाच परत विकली.

त्यामुळे आज दुकानात फाउंडेशनच्या वीस-पंचवीस छटा ओळीने मांडलेल्या दिसतात तेव्हा मला खरंच भरून येतं. पूर्वी दुकानदार सगळ्यांना एकच गुलाबी पावडर द्यायचा आणि आम्ही लग्नात राखेत लोळल्यासारख्या दिसायचो. आता माझ्या रंगाची, पिवळसर अंगाची, उबदार छटा मिळते. ती हनुवटीच्या कडेला लावून, दुकानाबाहेर येऊन उजेडात बघा. आतल्या पांढऱ्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका.

आणि सावळ्या मैत्रिणींनो, फिक्या न्यूड लिपस्टिकच्या वाटेला जाऊ नका. जांभूळ, वाइन, कॉफी, गडद विटकरी. या रंगांत आपण राज्य करतो.

नेपथ्य

मी मेकअप वापरणारा नव्हे, करणारा. हौशी आणि व्यावसायिक नाटकांना रंगभूषा करतो. या धाग्यात पुरुषाने लिहिलं तर चालेल ना?

मराठीतली पहिली सौंदर्यतारका पुरुष होती, हे इथे यायलाच हवं. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. ते रंगमंचावर नेसतील तशी साडी, घालतील तसा अंबाडा आणि गजरा पुण्या-मुंबईच्या बायका करायच्या. वस्तूंवर त्यांचा फोटो छापला की त्या खपायच्या. लीलाबाईंच्या कितीतरी आधी आपल्याकडे 'चेहरा' विकत होता, आणि तो स्त्रीवेषातल्या नटाचा होता. त्या काळी कुलीन बाईने जाहिरातीत यायचंच नव्हतं, त्यामुळे ती जागा त्यांनी भरली. शेवंतीताईंनी आडोसा म्हटलंय, त्यात हाही धरा.

आता रंगपेटीकडे. जुने रंगभूषाकार जस्ताचा सफेदा, पिवडी, गेरू आणि काजळ यांवर सगळं काम करायचे. सफेदा म्हणजे झिंक ऑक्साइड. पिवडी आणि गेरू म्हणजे लोहाची ऑक्साइडं, एक पिवळं, एक लाल. ताईंनी रंगछटेचं सनस्क्रीन लिहिलंय ना, त्याचं लेबल वाचा. झिंक ऑक्साइड आणि आयर्न ऑक्साइड. आमची पेटीच आहे ती, बारीक दळून ट्यूबमध्ये भरलेली!

पुढे पॅनकेक, म्हणजे वडीसारखा दाबून बसवलेला मेकअपचा रंग, आला. मॅक्स फॅक्टर कंपनीने तो १९३० च्या दशकाच्या अखेरीस रंगीत सिनेमासाठी बनवला. नट्याच तो घरी न्यायला लागल्या आणि मग बाजारात आला. ओल्या स्पंजने लावायचा. आजही लावणीच्या फडात, जत्रेच्या तमाशात तोच दिसेल, कारण घामात टिकतो आणि लांबून दिसतो. आमच्या क्षेत्रातले पंढरीदादा जुकर शेवटपर्यंत सांगायचे ते कातडी ओळखण्याचं. ते २०२० साली गेले. मी त्यांचं काम पाहूनच शिकलो.

नव्या मुलींना माझा सल्ला एवढाच : मोबाइलच्या रीलमधला मेकअप कॅमेऱ्यासाठी असतो, एका बाजूने येणाऱ्या दिव्यासाठी असतो. हळदीकुंकवाला तो तसाच लावून गेलात तर रेषा दिसणारच. निम्मं घ्या, बोटाच्या उबेने बसवा.

लॅबवाली

नेपथ्य, पिवडी-गेरूचा मुद्दा फारच छान. एक भर घालते. वांग असलेल्या बायकांना साध्या सनस्क्रीनचा पूर्ण फायदा होत नाही, कारण नुसत्या अतिनील किरणांनीच नव्हे, दिसणाऱ्या उजेडानेही वांग वाढतो. तो उजेड अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं. म्हणजे छटा केवळ दिसण्यासाठी नाही.

मात्रा महत्त्वाची. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं तरी लावा. एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीनवरचा संरक्षणाचा आकडा, ३० असेल तर ते सुमारे ९७ टक्के किरणं अडवतं आणि ५० सुमारे ९८ टक्के, पण ते इतकं लावलं तर. मटाराएवढं लावून ५० चा फायदा मिळत नाही. शेवंती, स्टिकबद्दलचं तुझं मत मलाही पटतं. ती दुपारी पुन्हा लावायला ठेव, सकाळचा पहिला थर क्रीमचाच दे.

कुरळी

केसांवर कुणीच लिहिलं नाही अजून, म्हणून मी.

केशतेलाच्या जाहिरातींत माझी सगळ्यात आवडती गोष्ट बंगालची आहे. एच. बोस यांचं 'कुंतलीन' नावाचं तेल होतं. त्यांनी तेलाच्या प्रचारासाठी कथास्पर्धा ठेवली. अट अशी की कथेत तेलाचा उल्लेख हवा, पण जाहिरात वाटता कामा नये. १८९६ साली बक्षीस मिळालं जगदीशचंद्र बोस यांना! त्यांच्या कथेत समुद्रातल्या वादळावर केशतेलाची बाटली ओततात आणि लाटा शांत होतात. तेलाने पाण्याचा पृष्ठताण बदलतो, हे भौतिकशास्त्र त्यात आहे. बांग्लातली सुरुवातीची विज्ञानकथा म्हणून तिचं नाव घेतात.

आता माझे केस. कुरळे, जाड, पावसाळ्यात फुलून दुप्पट होणारे. लहानपणी दर रविवारी तेल, शिकेकाई आणि घट्ट दोन वेण्या. कुरळेपणा म्हणजे काहीतरी बिघाड, अशीच वागणूक. मग कॉलेजात असताना सरळ करून घेतले आणि नंतर वर्षानुवर्षं तुटके केस सांभाळले. आता कुरळ्या केसांची पद्धत पाळते : सल्फेट नसलेला शाम्पू, भरपूर कंडिशनर, केस ओले असतानाच रुंद दातांच्या फणीने विंचरणं, मग जेल, आणि टॉवेलऐवजी जुन्या सुती टी-शर्टने टिपणं. वाळल्यावर जेलचं कडक कवच हाताने चुरडायचं. आता माझ्या बटा मला आवडतात, आणि माझ्या मुलीला तिच्या.

या पद्धतीतले बरेच जण तेलाला नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेतल्या रेळे आणि मोहिले यांचा २००३ चा अभ्यास आहे. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली तेव्हा केसांतलं प्रथिन धुऊन जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीचा आहे हे लक्षात ठेवूनही तो रसायनशास्त्राला धरून आहे. फक्त लावायचं ते धुण्याआधी. धुतल्यावर तेलाने थापलेले केस धूळ धरतात, त्याचा उपयोग नाही.

सलूनमध्ये सरळ करून घेणार असाल तर आत जाण्याआधी बाटली मागून वाचा. फॉर्मल्डिहाइड नाही असं सांगून ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरलं जातं, आणि त्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. लावताना टाळू चरचरली तर तिथल्या तिथे धुवायला सांगा. 'सहन करा थोडं' हे उत्तर ऐकून घेऊ नका.

मोगरा७२

मोती साबणाशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही! दिवाळीच्या पहाटे उठवायला येणारे ते काका आमच्या घरातलेच झाले. मूळचा टाटांचा साबण. १९९३ मध्ये टाटा ऑइल मिल्स हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली, तेव्हा तिकडे गेला. आम्ही बहरीनला असतो, तरी नरकचतुर्दशीला तो गोल, जड साबण लागतोच. भारतातून येणाऱ्या प्रत्येकाकडून ऑक्टोबरात एक वडी मागवते.

एक प्रश्न. केस पांढरे होतायत. मेंदीने डोकं दुखतं, सर्दी होते. डाय करावा का? लहानपणी काकूंचं कपाळ डायने सुजलेलं पाहिलंय, त्यामुळे हात धजत नाही.

लॅबवाली

मोगरा, तुमची भीती रास्त आहे. काळ्या डायमधला मुख्य घटक पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायअमिन हे रसायन. त्याची ॲलर्जी खरी असते आणि एकदा झाली की आयुष्यभर राहते. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास 'लॅश ल्युअर' नावाचा पापण्यांचा रंग निघाला होता, पीपीडीसारख्याच रसायनाचा. बायकांचे डोळे गेले. १९३८ साली तिथे सौंदर्यप्रसाधनं कायद्याखाली आली त्यामागे अशी प्रकरणं होती. आपला औषध कायदा १९४० चा, पण सौंदर्यप्रसाधनं त्यात आली ती १९६२ च्या दुरुस्तीने.

काय करा : कोपराच्या आत किंवा कानामागे थोडासा मिसळलेला डाय लावा, ४८ तास बघा. खाज, पुरळ, सूज, काहीही आलं तर तो डाय तुमच्यासाठी नाही. ही चाचणी दर वेळी करायची, कारण ॲलर्जी दहाव्या वर्षीही उद्भवू शकते. 'काळी मेंदी' म्हणून मिळते तिच्यातही बहुधा पीपीडीच असतो, नावावर जाऊ नका. शुद्ध मेंदी नारिंगीच रंगते. काकू तुमच्या रक्ताच्या असोत-नसोत, चाचणी चुकवू नका.

रानवाराच्या मुद्द्याला जोडून आणखी एक. छोट्या दुकानांत विनालेबलची 'आठवड्यात उजळ' क्रीमं अजूनही मिळतात. त्यांत पारा सापडतो. अकोल्यातल्या एकाच घरातल्या आई आणि मुलींच्या मूत्रपिंडांना अशा क्रीमने इजा झाल्याची बातमी काही वर्षांपूर्वी आली होती. आत स्टेरॉइड असलेलं क्रीमही सुरुवातीला चेहरा तुकतुकीत करतं आणि नंतर कातडी पातळ, लाल, केसाळ करून ठेवतं. घटकयादी आणि उत्पादकाचा पत्ता नसेल तर घेऊच नका.

रानवारा

टिकलीचंही सांग ना. माझ्या सासूबाईंच्या कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग राहिलाय.

लॅबवाली

हो. काही टिकल्यांच्या गोंदात एक फिनॉल वर्गातलं रसायन असतं, त्याने त्या जागचा रंग जातो. टिकली लावणं लगेच थांबवायचं आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचं. लवकर थांबवलं तर काहींचा रंग परत येतो. हौस असेल तर जुन्या बायकांसारखं मेण लावून त्यावर पिंजर लावता येईल, पण पिंजरही खात्रीची हवी, रासायनिक लाल रंगाची नको.

शेवंती

नेपथ्य, बालगंधर्वांची आठवण दिल्याबद्दल मनापासून आभार, आणि पुरुषांनी लिहायलाच हवं. स्त्रीवेषातल्या नटाने बाईच्या हौसेला वाट करून दिली हे वाचून मी बराच वेळ विचार करत होते. तो गजरा आमच्या पणजीच्या फोटोत आहे.

रानवारा, तुझं म्हणणं मान्य. मी जाहिरातींवर प्रेम करते ते त्यांतल्या अक्षरांवर, चित्रांवर. त्यांनी तुला जे सांगितलं त्यावर नाही. खंड चाळताना 'गोरा' आणि 'उजळ' हे शब्द कुठे, कोणत्या मालासोबत येतात त्याच्या वेगळ्या नोंदी आता ठेवणार आहे.

ज्यांच्याकडे जुने अंक आहेत त्यांना एक विनंती. जाहिरातीचा फोटो टाकताना मासिकाचं नाव, महिना, वर्ष आणि पान लिहा, आणि कडा कापू नका. छापखान्याचं नाव बहुतेक वेळा अगदी खालच्या कडेला बारीक अक्षरांत असतं. कागद पिवळा आणि ठिसूळ झाला असेल तर स्कॅनरवर दाबू नका, खिडकीपाशी सपाट ठेवून वरून मोबाइलने काढा. मलपृष्ठावरच्या आणि मलपृष्ठाच्या आतल्या जाहिराती आधी घ्या. बांधणीत पहिली गहाळ होतात ती तीच पानं.

कुरळी

आजीकडे १९६० च्या दशकातले काही दिवाळी अंक आहेत, मलपृष्ठांसकट. शनिवारी जाते आणि टाकते.